अंगणातील जुन्या सामानाची दुरुस्ती : एक कौटुंबिक उपक्रम

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मी जो विषय निवडला आहे तो ऐकून काहींना नवल वाटेल. शिक्षण परिषदेत भाषा, गणित, गुणवत्ता यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आपल्यापुढे मोडक्या बाजेविषयी, खिळखिळ्या बाकड्याविषयी आणि गंजलेल्या घडीच्या खुर्चीविषयी बोलणार आहे. या वस्तूंचा शाळेशी संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर यथाक्रम देण्याचा प्रयत्न करतो.

आपल्या वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही गावात जा. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा वा मानोरा, तालुका कोणताही असो, जुन्या घराच्या ओट्यावर, गोठ्याच्या कडेला किंवा शेतातील निंबाखाली एखादी बाज हमखास आढळते. पुष्कळदा ती उभी करून भिंतीला टेकविलेली असते. दोरी सुटलेली, एक खूर हलणारा, अशी तिची अवस्था असते. कोठे माजघरातून उतरविलेल्या बंगईची फळी धूळ खात पडलेली असते. तिच्या कड्या कोणी भंगारात देऊन टाकलेल्या असतात. अंगणात बसावयास आता प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आहेत. त्या स्वस्त आहेत, हलक्या आहेत, आणि त्या आणणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु उन्हात दोन-चार वर्षे राहिलेल्या अशा खुर्चीचा पाय तडकला, म्हणजे तिला सांधता येत नाही, ती टाकूनच द्यावी लागते. बाजेचे तसे नाही. तिचा प्रत्येक भाग वेगळा होतो आणि बिघडला तर वेगळा बदलता येतो. दुरुस्ती शक्य असणे हा तिच्या रचनेचाच गुण आहे.

ही रचना फार जुनी आहे. चौदाव्या शतकात, इ. स. 1333 मध्ये, हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने आपल्या प्रवासवृत्तांतात येथील खाटेचे वर्णन केले आहे. चार खूर, चार आडव्या पट्ट्या आणि त्यांवर विणलेली दोरी एवढेच तिचे स्वरूप, ती एका माणसास सहज उचलता येते आणि तिच्यावर निजण्यास निराळ्या गादीची गरज भासत नाही, असे त्याला दिसले. सुमारे सातशे वर्षांनंतर आपल्या अंगणातील बाजेला हे वर्णन जसेच्या तसे लागू पडते. याच बाजेवर घरातील बाळंतिणीने विश्रांती घेतली, रस्ता नसलेल्या गावातून आजारी माणसाला चौघांनी याच बाजेवर घालून दवाखान्यात नेले, आणि उन्हाळ्याच्या रात्री आजोबांनी याच बाजेवर नातवंडांना गोष्टी सांगितल्या. म्हणून ती अडगळ समजून चुलीत घालण्यापूर्वी क्षणभर विचार करणे योग्य होईल.

आता शाळेचा संबंध सांगतो. माझ्या मते आपल्या ग्रामीण शाळेपुढील एक मोठी अडचण अशी, की शाळा आणि घर यांमध्ये अंतर पडत चालले आहे. मूल शाळेत जे शिकते त्यातील फारसे काही आईबापांस विचारता येत नाही, आणि आईबापांना जे येते त्याला शाळेच्या वहीत जागा नसते. दहा वर्षांचा मुलगा हळूहळू असे मानू लागतो, की ज्ञान म्हणजे जे पुस्तकात आहे ते. बापाच्या हातात जे आहे ते ज्ञान नव्हे. पुढे त्याला बापाच्या मळलेल्या हातांची लाज वाटू लागते. ही लाज कोणत्याही परीक्षेत मोजली जात नाही. तथापि ती वाढत राहिली तर आपण शिकविलेले पुष्कळसे वाया जाते, असे मला वाटते. मोडकी बाज दुरुस्त करणे हे काम लहान आहे. परंतु त्यात बाप गुरू होतो, आजी साक्षीदार होते आणि मूल विद्यार्थी राहूनही घराच्या उपयोगी पडते. ज्या घरांतील कर्ती माणसे कामासाठी बाहेरगावी जातात आणि मुले आजी-आजोबांपाशी राहतात, त्या घरांत तर याचे मोल अधिक. दोरी विणण्याची कला बहुधा त्या वृद्ध हातांतच उरली आहे.

हा विचार नवीन नाही. वर्धा येथे 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तव्यवसाय हे शिक्षणाचे माध्यम व्हावे हा विचार तेथे मांडला गेला, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यावरून नई तालीमची योजना तयार केली. सूतकताई व विणकाम, सुतारकाम, शेती हे त्यातील मूलोद्योग होते. युरोपातही असा प्रयत्न त्याआधी झाला होता. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या आग्रहाने 1866 च्या लोकशाळांच्या कायद्यात हस्तकामाला स्थान मिळाले. स्वीडनमध्ये ओटो सालोमन यांनी नेस येथे 1870 च्या दशकात शिक्षकांसाठी लाकूडकामाचे वर्ग चालविले आणि तेथे देशोदेशींचे शिक्षक जाऊ लागले. घरात उपयोगी पडेल अशीच वस्तू मुलाने करावी, हे त्या पद्धतीचे एक सूत्र होते. आपल्याकडे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्यापाशी शिकण्याची कल्पना मांडलेली आहे. म्हणजे मी सांगतो आहे त्यास आधार पुष्कळ आहे. उणीव आहे ती प्रत्यक्ष आरंभाची.

आरंभ कसा करावा, याविषयी आता तपशिलाने बोलतो.

पहिली गोष्ट वस्तूच्या निवडीची. घरात जुनी बाज, बाकडे वा खुर्ची असल्यास उत्तम. नसल्यास आठवडी बाजारात किंवा जुने घर मोडताना अशा वस्तू अल्प किमतीस मिळतात. घेताना लाकूड पारखून घ्यावे. सागवान असेल तर त्यातील नैसर्गिक तेलकट द्रव्यांमुळे ते वाळवीस सहसा बळी पडत नाही. बाभळीचा गाभाही कठीण व टिकाऊ असतो. मात्र कोणत्याही झाडाचे सालीलगतचे फिके लाकूड किड्यांना प्रिय असते. खुराच्या तळाशी एक खिळा टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. बारीक भोकांतून पिठासारखा ताजा भुसा गळत असेल तर आत जिवंत कीड आहे असे समजावे. असा भाग बदलावा. नुसते भोक बुजवून उपयोग नाही. लाकूड वरून राखाडी दिसले तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. उन्हाने लाकडाच्या पृष्ठावरील एक घटक विघटित होतो, पाऊस तो धुऊन नेतो आणि राखाडी तंतू मागे राहतात. हा थर पातळ असतो. काचकागदाने तो काढला की आतील मूळ रंग दिसू लागतो, आणि तो दिसताच मुलांच्या चेहऱ्यावर जे कुतूहल उमटते त्याचा लाभ शिक्षकाने अवश्य घ्यावा.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. हिच्याविषयी मी आग्रहाने सांगतो. जुन्या रंगविलेल्या लाकडावर वा लोखंडावर शिसे असलेला रंग असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपुरते मर्यादित करणारे नियम आपल्या देशात 2016 मध्ये झाले आणि ते नोव्हेंबर 2017 पासून अमलात आले. त्यापूर्वीचा रंग कोरडा खरवडल्यास त्याची धूळ मुलांच्या श्वासात व पोटात जाते, आणि शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपायकारक आहे. म्हणून जुना रंग असलेली वस्तू मुलांच्या हाती देऊ नये. मोठ्या माणसाने तोंडाला फडके बांधून, पृष्ठभाग ओला ठेवून रंग काढावा, निघालेला गाळ कागदात गुंडाळून दूर करावा, आणि तो चुलीत मुळीच जाळू नये. रंग न दिलेली साधी बाज या दृष्टीने सर्वांत निर्धोक होय.

ढेकणांचाही विचार केला पाहिजे. ते सांध्यांत व दोरीच्या गाठींत लपतात. जुनी बाज घरात नेण्यापूर्वी अंगणातच सोडवावी, दोरी वेगळी करावी आणि सांध्यांत उकळते पाणी ओतावे. हे काम घरातील मोठ्यांनीच करावे. नंतर चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात लाकूड दोन दिवस वाळू द्यावे.

तिसरी गोष्ट सांध्यांची. बाजेचे चारही सांधे भोक आणि कुसू यांनी जुळलेले असतात. लाकूड पावसाळ्यात हवेतील ओल शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. म्हणून आषाढात घट्ट वाटणारा सांधा चैत्रात हलू लागतो. सांध्याची खरी परीक्षा उन्हाळ्यातच होते. दुरुस्तीसही तोच काळ योग्य, आणि सुट्टीही तेव्हाच असते. सांधा हलू लागला की खिळा ठोकावा, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. खिळ्याने लाकूड उभे चिरते, खिळा गंजतो, आणि पुढच्या खेपेस सांधा सोडविता येत नाही. त्याऐवजी कुसवाभोवती लाकडाची पातळ पट्टी चिकटवून ते भरून घ्यावे, किंवा त्याच्या टोकाला चीर देऊन पाचर मारावी. चारपैकी एकच खूर तळाशी कुजला असेल तर त्याला नवा तुकडा जोडावा लागतो. चौघेही थोडथोडे कुजले असतील तर चारही सारख्या मापाने कापून घ्यावेत.

या कामासाठी गावच्या सुताराला बोलवावे आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. हा उपक्रम सुताराचे पोट मारण्यासाठी नाही. तयार वस्तूंनी त्याचे काम आधीच कमी केले आहे. ज्या घराने एकदा दुरुस्तीची गोडी घेतली ते घर त्याच्याकडे पुन्हा जाईल. रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट, गुण्या या हत्यारांची नावे आणि कामे मुलांनी त्याच्या तोंडून ऐकावीत. धारेची हत्यारे त्यानेच चालवावीत. काचकागद घासणे, मोजणे, धरणे, पुसणे ही कामे मुलांची.

चौथी गोष्ट चौकट काटकोनात आणण्याची. येथे गणिताचा पाठ आपोआप उभा राहतो. चौकटीचे समोरासमोरचे कोपरे दोरीने मोजावेत. दोन्ही कर्ण समान भरले तर चौकट काटकोनात आहे. एक कर्ण लांब भरला तर त्या बाजूने दाबून ती सरळ करावी. तिसरी-चौथीच्या मुलांना एवढे पुरे. वरच्या वर्गातील मुलांना हिशेबही करता येईल. आतील माप 6 फूट लांब व 3 फूट रुंद असेल तर सहाचा वर्ग छत्तीस, तिनाचा नऊ, बेरीज पंचेचाळीस. तिचे वर्गमूळ सुमारे 6.7, म्हणजे कर्ण जवळजवळ 6 फूट साडेआठ इंच. पुस्तकातला सिद्धांत आपल्या आजीच्या बाजेत खरा ठरतो, हे ज्याने एकदा हाताने मोजले तो तो सहसा विसरणार नाही.

पाचवी गोष्ट लाकडाला तेल देण्याची. आपल्या विदर्भात जवस पिकतो आणि त्याचे तेल लाकडासाठी पूर्वीपासून वापरात आहे. हे तेल उडून जाऊन वाळत नाही. हवेतील प्राणवायू घेऊन ते घट्ट होते. म्हणून त्याचा हात अगदी पातळ द्यावा, थोड्या वेळाने उरलेले तेल पुसून काढावे, आणि पुढचा हात काही दिवसांनी द्यावा. जाड हात दिल्यास पृष्ठभाग महिनाभर चिकट राहतो. येथे एक धोका ध्यानात ठेवावा. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकल्यास ती आतून तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. अशी चिंधी उघड्यावर पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी. वाहनातील जळालेले तेल लाकडाला फासण्याचीही चाल आहे. ज्या वस्तूवर माणसे बसतात-निजतात तिला ते कधीही लावू नये; ते कातडीस अपायकारक आहे.

शेवटची आणि सर्वांत आनंदाची गोष्ट म्हणजे दोरी विणणे. पूर्वी आपल्याकडे शेताच्या कडेने अंबाडी लावीत, ती पाण्यात कुजवून तिचा वाख काढीत आणि त्याचे दोर घरीच वळीत. आज सुतळी, सुती नवार किंवा नायलॉनची दोरी बाजारात मिळते. मिळेल ती घ्यावी. अंबाडीचा आग्रह धरून काम अडवू नये. मात्र जुनी दोरी कापण्यापूर्वी तिच्या विणीचे चित्र मुलांकडून काढून घ्यावे. किती दोऱ्या वरून गेल्या, किती खालून, हे मोजले की विणीचा क्रम उलगडतो. सुतळी थोडी भिजवून घेतल्यास मऊ होते व हाताला कमी टोचते. एकाने ओढावे, दुसऱ्याने ताण धरावा, तिसऱ्याने गाठ मारावी. हे काम एकट्याने नीट होत नाही, म्हणूनच ते कुटुंबाचे काम आहे. किती दोरी लागेल याचा अंदाज मुलांनी एकमान पद्धतीने काढावा : दहा फेऱ्यांना लागलेली दोरी मोजावी आणि त्यावरून उरलेल्या फेऱ्यांचा हिशेब करावा. पायथ्याकडील ताणदोरी अशी ठेवावी की सैल पडताच पुन्हा ओढून घेता येईल. पावसाळी हवेत सुतळीची बाज ताठ का होते आणि वाळल्यावर सैल का पडते, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. ओल्या तंतूंची जाडी वाढते आणि पीळ दिलेल्या दोरीची लांबी त्यामुळे घटते, हे उत्तर त्यांनी प्रयोगाने शोधावे. आपण आधी सांगू नये.

लोखंडी घडीची खुर्ची असेल तर कृती थोडी निराळी. गंज ब्रशाने व काचकागदाने काढावा, पत्रा कोरडा करून प्रथम लाल अस्तररंग द्यावा, आणि तो वाळल्यावर वरचा रंग. गंजावर थेट रंग दिल्यास तो खालून गंज वाढत जाऊन वर्षाच्या आत पोपडे सोडतो.

वस्तू तयार झाल्यावर तिची निगा राखण्याची जबाबदारी मुलावर द्यावी. बाजेचे खूर उघड्या मातीत न ठेवता दगडावर वा विटेवर ठेवावेत. लाकडाची टोके बाजूंपेक्षा पाणी फार लवकर शोषतात आणि कुजण्यास आरंभ तेथूनच होतो.

शिक्षकाने या सर्वांत काय करावे? त्याने एक साधी निरीक्षणवही सुरू करावी. ही बाज घरात केव्हा आली, कोणी केली, कोणत्या झाडाची आहे, कोणाच्या आंदणात मिळाली, हे मुलाने आजीला विचारून लिहावे. मापे, खर्च, लागलेले दिवस नोंदवावेत. यात भाषा आली, गणित आले, परिसर अभ्यास आला आणि गावचा इतिहासही आला. पुढे एखाद्या शनिवारी पालकांना शाळेत बोलावून, ज्याला विणता येते त्याने सर्वांना विणून दाखवावे. शाळेच्या अंगणात पालक शिकवीत आहे आणि गुरुजी ऐकत आहेत, हे दृश्य मुलांनी एकदा तरी पाहावे.

काही सावधगिरीच्या सूचना देतो. हा उपक्रम सक्तीचा करू नये. ज्याच्या घरी बाज नाही त्याला कमीपणा वाटेल असे काही करू नये. त्याला शेजाऱ्याच्या कामात सामील करावे. शाळेची वा शिक्षकाच्या घरची बाकडी मुलांकडून दुरुस्त करून घेऊ नयेत. 1937 मध्येही हस्तव्यवसायाच्या कमाईवर शाळा चालविण्याच्या कल्पनेला, मुलांकडून मजुरी करवून घेतली जाईल या भीतीने, विचारवंतांनी आक्षेप घेतला होता. तो आक्षेप विसरण्याजोगा नाही. मुलाचे काम त्याच्या स्वतःच्या घरासाठी, त्याच्या खुशीने आणि त्याच्या शिक्षणापुरतेच असावे.

तसेच सुताराच्या मुलाविषयी विशेष जपावे. वर्गात तो गणितात मागे असेल, परंतु गुण्या कसा धरावा हे त्याला कदाचित साऱ्या वर्गाहून अधिक कळते. त्याचा मान ठेवावा. मात्र हे तुझ्या जातीचेच काम आहे, असे शब्द चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नयेत. पाटलाच्या मुलाने काचकागद घासावा, सुताराच्या मुलीने हिशेब लिहावा, मुलाने अंगण झाडून भुसा गोळा करावा आणि मुलीने गिरमिट फिरवून पाहावे. कामाला जात नाही आणि ते मुलाचे की मुलीचे असा भेदही नाही, हे आपण वर्गात शब्दांनी पुष्कळ सांगतो; येथे ते प्रत्यक्ष करून दाखविण्याची संधी आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, या उपक्रमाने शेतकऱ्याचे कर्ज फिटणार नाही आणि शाळेचा निकालही एका वर्षात वाढणार नाही. तशी आशा मी आपणास दाखवीत नाही. परंतु बाप आणि मुलगा चार संध्याकाळ एका कामाभोवती बसले, दोघांनी मिळून एक वस्तू उभी केली, आणि मुलाने ती कशी केली हे शाळेत येऊन अभिमानाने सांगितले, तर घर आणि शाळा यांमधील अंतर तेवढ्यापुरते कमी होईल. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी प्रत्येक शाळेने आपल्या गावातील निदान पाच घरे निवडावीत, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या परिषदेत त्या मुलांच्या निरीक्षणवह्या येथे घेऊन याव्यात, एवढी माझी आपणास विनंती आहे.